तसबिरीची उंची : घरातल्या चित्रभिंतीचा एक इतिहास

भिंतीवर टांगलेल्या चौकटबंद चित्रासाठी मराठीत एक जुना शब्द आहे, तसबीर. मूळ अरबी, फारसीच्या वाटेने मराठीत आलेला. आज आपण सरसकट ‘फोटो’ म्हणतो, मग तो देवाचा असो, आजोबांचा असो किंवा शिवाजी महाराजांचा. घरातल्या एका भिंतीवर अनेक चौकटी एकत्र मांडण्याला शहरात आता ‘गॅलरी वॉल’ म्हणतात. शब्द नवा आहे. भिंतीवर चित्रे मांडणे मात्र नवे नाही. या पाठात आपण त्या मांडणीचा इतिहास एका साध्या प्रश्नाच्या आधाराने पाहणार आहोत : चित्र किती उंचीवर टांगले होते, आणि का?

एक नमुन्याचे घर

उदाहरणासाठी दक्षिण बेंगळुरूतले जे. पी. नगर घेऊ. जयप्रकाश नारायण यांच्या नावाची ही वसाहत टप्प्याटप्प्याने वाढत गेली. पत्ता सांगताना लोक अजूनही ‘दुसरी फेज’, ‘सातवी फेज’ असेच सांगतात. 2004 साली सुरू झालेले रंगशंकरा नाट्यगृह इथलेच. देशाच्या सगळ्या भागांतून नोकरीसाठी आलेली कुटुंबे इथे राहतात आणि त्यांत मराठी घरेही आहेत. त्यांतले एक घर नमुना म्हणून डोळ्यांसमोर आणा. घर काल्पनिक आहे, पण त्यातल्या वस्तू तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेल्या असतील.

कुटुंबातले वडील साताऱ्याकडचे. आई तंजावरच्या मराठी घराण्यातली, म्हणजे घरात मराठी बोलणारी पण तमिळ मुलखात वाढलेली. गावचे घर विकले गेले आणि तिथल्या तसबिरी खोक्यात भरून बेंगळुरूला आल्या. एक छापील लक्ष्मी, कडा पिवळ्या पडलेली. आईच्या माहेरचा सोनेरी वर्खाचा बाळकृष्ण, जाडजूड चौकटीतला. पणजोबा-पणजीचा स्टुडिओतला फोटो : ते खुर्चीत, त्या शेजारी उभ्या. शिवाय मुलीने कर्नाटक चित्रकला परिषदेच्या वार्षिक चित्रसंतेत रस्त्यावरच्या चित्रकारांकडून घेतलेली दोन जलरंगातली चित्रे. दिवाणखान्यात सोफ्यामागे तीन मीटरची रिकामी भिंत आहे आणि हे सगळे तिथे एकत्र लावावे असे मुलीला वाटते. आजी म्हणते, “सोफ्यावर बसायचं आणि लक्ष्मीकडं पाठ करायची? असं कुठं असतं का गं?”

मुलीला ही हरकत जुनाट वाटेल. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र इथे थांबायला हवे. आजीच्या प्रश्नात चित्र कुणी पाहायचे, कुठे बसून पाहायचे आणि कोणत्या भावनेने पाहायचे, याची एक पूर्ण व्यवस्था गृहीत धरलेली आहे. ती व्यवस्था कुठून आली ते पाहू.

आढ्याखालची रांग

जुन्या मराठी घरातल्या सोप्यात किंवा दिवाणखान्यात तसबिरी कुठे असत? बहुधा माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर, तुळयांच्या खाली, एका रांगेत. खालची कड भिंतीला टेकलेली, वरची कड दोरीवर पुढे झुकलेली. चित्र जणू खाली वाकून पाहते आहे. चेट्टिनाडच्या हवेल्यांपासून कोकणातल्या घरांपर्यंत ही झुकलेली रांग आढळते.

याची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. पहिले कारण भिंतीचे. माती-दगडाच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंतीत खिळा नीट धरत नाही, गिलावा सुटून येतो. घरात खिळा पक्का बसतो तो लाकडात, आणि लाकूड असते वर. म्हणून वरच्या लाकडाला किंवा मुद्दाम ठोकलेल्या पट्टीला दोरी बांधून तसबीर खाली सोडत. दुसरे कारण बसण्याचे. घरात माणसे जमिनीवर, चटईवर किंवा बैठकीवर बसत. जमिनीवर बसलेल्या माणसाचे डोळे साधारण अडीच फुटांवर असतात. त्याने मान वर करून पाहावे आणि काचेवर दारातल्या उजेडाची चमक येऊ नये, यासाठी चौकट पुढे झुकवणे सोयीचे. तिसरे कारण मानाचे. देव आणि पूर्वज आपल्या पातळीवर नसतात. त्यांना पाय लागता कामा नये, त्यांच्यापेक्षा उंच जागी बसता कामा नये, त्यांच्याकडे पाठ करता कामा नये.

यांतले खरे कारण कोणते, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. माझ्या मते तो प्रश्न चुकीचा आहे. सोय आणि श्रद्धा एकाच खिळ्याला टांगलेल्या असतात. भिंतीने भाग पाडलेली गोष्ट दोन पिढ्यांत रीत होते आणि भिंत बदलली तरी रीत उरते. सिमेंटच्या भिंतीत ड्रिलने कुठेही भोक पाडता येते, तरीही अनेक घरांत देवाचा फोटो दाराच्या चौकटीवरच लागतो.

एक फरक इथेच नोंदवू. तसबिरींच्या आधी भिंतीवर थेट रंगवण्याची परंपरा होती. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांच्या वाड्यात अशी भित्तिचित्रे आहेत. पण ती चित्रे वाड्याबरोबर राहतात. तसबीर हलते, वाटणीत जाते, हुंड्यात येते, खोक्यात भरून बेंगळुरूला पोचते. हलणारे चित्र सामान्य घरात येण्यासाठी ते स्वस्त व्हावे लागले. ते काम छापखान्याने केले.

छापील देव

1878 साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा सुरू झाली. ‘निबंधमाला’कार म्हणून आपण त्यांना ओळखतो. भिंतीवरच्या इतिहासातही त्यांचे नाव आहे, याचा उल्लेख क्वचित होतो. रामपंचायतनासारखी देवांची आणि पेशवाईतल्या पुरुषांची रंगीत शिळाछाप चित्रे चित्रशाळेने घरोघरी पोचवली. त्याच वर्षी कोलकात्यात अन्नदाप्रसाद बागची यांनी कलकत्ता आर्ट स्टुडिओ काढला. दोन शहरांत एकाच वर्षी हे घडावे, यात तंत्राचा भाग आहे. शिळाछापात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो. चित्र एकेका दगडाखालून जाते आणि रंगावर रंग चढत जातो. दगड, यंत्रे आणि कारागीर यांचा खर्च मोठा असतो, पण एकदा दगड तयार झाले की प्रती हजारोंनी निघतात.

राजा रविवर्मा यांची वाटचाल याच्याशी जोडलेली आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी त्यांनी 1888 ते 1890 या काळात चौदा पौराणिक चित्रे रंगवली. ती राजवाड्यासाठी होती. पण रविवर्म्यांच्या चित्रांच्या प्रती युरोपातून छापून आणाव्यात, अशी सूचना दिवाण टी. माधवराव यांनी त्यांना आधीच केली होती. अखेर 1894 साली रविवर्म्यांनी मुंबईत स्वतःचा छापखाना काढला. यंत्रे जर्मन, तंत्रज्ञही जर्मन. पहिले छापील चित्र शकुंतलेच्या जन्माचे. पुढे मुंबईत प्लेग आला आणि छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला, कार्ले-भाजे लेण्यांच्या परिसरात हलला. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या ताब्यात गेला. रविवर्मा 1906 साली वारले, तरी त्यांच्या नावाची चित्रे निघत राहिली. 1972 च्या आगीत छापखान्याचा शेवट झाला. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्यापूर्वी काही काळ याच छापखान्याच्या कामाशी जोडलेले होते, हे लक्षात ठेवा. 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’मागे छापील देवांची ओळख होती.

या चित्रांना ओलिओग्राफ म्हणत, कारण वरून वार्निश देऊन त्यांना तैलचित्राची चमक आणलेली असे. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात प्रवेश नव्हता, त्यांच्याही घरात आता लक्ष्मी आणि सरस्वती आल्या, त्याही साडी नेसलेल्या, घरातल्या बाईसारख्या दिसणाऱ्या.

आता आपल्या नमुना-घरातल्या लक्ष्मीकडे पाहा. तिच्या साडीच्या काठावर खरी जर आणि बारीक टिकल्या शिवलेल्या आहेत. असे अनेक ओलिओग्राफ आज संग्रहांत आहेत. घरातल्या बायका छापील देवीला कापड, मणी, जर लावून सजवत आणि मग चित्र काचेत बसवत. कलेच्या इतिहासात चित्रकाराचे नाव असते, छापखान्याचे असते, मालकाचेही असते. सुई चालवणारीचे नसते. पण छापील हजार प्रतींतून एक प्रत वेगळी केली ती तिने. आजी लक्ष्मीबद्दल बोलते तेव्हा ती रविवर्म्यांच्या चित्राबद्दल बोलत नाही, सासूने टिकल्या लावलेल्या या एका तसबिरीबद्दल बोलते.

तंजावरहून आलेला बाळकृष्ण

दुसरी तसबीर वेगळ्या वाटेने आली. 1638 साली विजापूरच्या फौजेने बेंगळुरू घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांचे पुत्र व्यंकोजी पुढे तंजावरला गेले. 1676 च्या सुमारास तिथे भोसल्यांचे राज्य सुरू झाले आणि ते 1855 पर्यंत टिकले. दुसरे सरफोजी यांच्या काळात (1798–1832) तिथले ग्रंथालय, छपाई आणि चित्रकला बहरली. तंजावर शैलीची चित्रे लाकडी फळीवर असतात. फळीवर कापड चिकटवतात, त्यावर खडू-चुन्याचा आणि डिंकाचा लेप देऊन दागिने उठावाचे करतात, मग सोन्याचा वर्ख आणि काचेचे खडे बसवतात. रंगवणारे कारागीर मुख्यतः तेलुगूभाषक, आश्रयदाते मराठीभाषक, मुलूख तमिळ. आज त्याच वस्तू घेऊन लोक कन्नड शहरात राहतात. एका चौकटीत चार भाषा आहेत.

या चित्राची मूळ जागा भजनमंदिर किंवा देवघर. उजेड कमी आणि समईची ज्योत हलती. सोनेरी वर्ख त्या उजेडासाठी आहे. पांढऱ्या एलईडीखाली तोच बाळकृष्ण भडक दिसतो आणि मग लोक तंजावर चित्रे भडक असतात असे म्हणतात. दोष चित्राचा नाही, दिव्याचा आहे.

रविवर्म्यांनी म्हैसूर दरबारासाठी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत नऊ चित्रे काढली. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या संग्रहालयात त्यांची चित्रे पाहता येतात. जे. पी. नगरहून एका दिवसाची सहल आहे. जमले तर जरूर जा आणि चित्रांइतकेच लक्ष ती किती उंचीवर टांगली आहेत याकडे द्या.

पॅरिस आणि लंडनची भिंत

आज इंटरनेटवर ‘गॅलरी वॉल’ म्हणून जी गर्दीची मांडणी दिसते तिला युरोपात सलोन पद्धत म्हणतात. पॅरिसच्या लूव्र राजवाड्यातल्या ‘सालों कारे’ या दालनात 1725 पासून राजकीय कला अकादमीची प्रदर्शने भरू लागली. पुढे त्या प्रदर्शनांनाच ‘सलोन’ हे नाव पडले. भिंत जमिनीपासून छतापर्यंत चौकटींनी भरलेली असे. चित्रे कुठे टांगायची हे ठरवणारा एक अधिकारी असे. 1760 च्या दशकात हे काम शार्दँ हा चित्रकार करत होता. स्वयंपाकघरातली भांडी आणि फळे रंगवणारा हा शांत माणूस इतरांच्या रागालोभाचा धनी व्हायचा, कारण वर टांगलेले चित्र म्हणजे न दिसलेले चित्र.

लंडनमध्ये तर उंचीची रेषाच ठरलेली होती. रॉयल अकादमी 1780 साली सॉमरसेट हाउसमध्ये गेली. तिथल्या मोठ्या दालनात जमिनीपासून सुमारे 8 फुटांवर भिंतीभोवती एक पट्टी होती. मानाची चित्रे या रेषेशी येत. त्यावरची चित्रे पुढे झुकवून टांगत, आपल्या सोप्यातल्या तसबिरींसारखीच. 1784 साली गेन्सबरो या चित्रकाराने तीन राजकन्यांचे चित्र पाठवले आणि ते रेषेच्या खाली लावा असा आग्रह धरला. नाजूक रंगकाम उंचावर दिसणार नाही, असे त्याचे म्हणणे. अकादमीने नियमावर बोट ठेवले. त्याने सगळी चित्रे परत नेली आणि तिथे पुन्हा कधी प्रदर्शन केले नाही.

इथे एक उलटापालट दिसते. लंडनच्या दालनात वर जाणे हा अपमान होता. साताऱ्याच्या सोप्यात वर असणे हाच मान होता. झुकलेली चौकट दोन्हीकडे सारखीच, पण एकीकडे चित्रकाराला वाटते की प्रेक्षकाने आपले काम नीट पाहावे आणि दुसरीकडे घरच्यांना वाटते की देवाने आपल्याला पाहावे.

पुढे युरोपात भिंत रिकामी होत गेली. लंडनच्या नॅशनल गॅलरीत चार्ल्स ईस्टलेक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चित्रे डोळ्यांच्या पातळीवर असावीत असा आग्रह धरला. 1929 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आल्फ्रेड बार यांनी फिक्या कापडाच्या भिंतीवर चित्रे सुटी सुटी लावली. तेव्हापासून संग्रहालयातली पांढरी भिंत आणि एकटे चित्र ही सवय झाली. बेंगळुरूत 2009 साली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची शाखा सुरू झाली, 2023 साली कस्तुरबा रस्त्यावर ‘मॅप’ हे कला आणि छायाचित्रांचे संग्रहालय उघडले. तरुण मंडळी चित्र पाहण्याची उंची आता अशा ठिकाणी शिकतात आणि ती घरी आणतात.

कॅलेंडरचा खिळा आणि उतरवलेल्या तसबिरी

मराठी घरात डोळ्यांच्या पातळीवर काहीच नव्हते, असे मात्र नाही. कॅलेंडर होते. 1973 साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ सुरू केले आणि स्वयंपाकघराच्या दाराजवळ एक खिळा कायमचा त्याचा झाला. त्याची उंची घरातल्या गृहिणीच्या हाताची असते, कारण तिला त्यावर दुधाचा हिशोब, गॅसची तारीख आणि संकष्टी पाहायची असते. ही वाचायची भिंत होती. वरची रांग नमस्काराची, खालचा खिळा कामाचा. पाहण्याच्या दोन पद्धती एकाच घरात, दोन उंचींवर शेजारी नांदत होत्या.

आणि काही घरांत वरची रांगच एका पिढीत बदलली. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. हिंदू देवदेवतांची उपासना न करण्याच्या प्रतिज्ञा त्यांत होत्या. प्रतिज्ञा घेऊन घरी परतल्यावर पहिला प्रश्न भिंतीचा होता. जुन्या तसबिरी उतरल्या आणि त्याच जागी बुद्ध आणि बाबासाहेब आले. उंची बहुधा तीच राहिली. हा बदल सरकारी कागदपत्रांत सापडत नाही. तो भिंतीवरच्या फिक्या चौकोनांत, घरातल्या आठवणींत आणि आत्मकथनांत शोधावा लागतो. सामाजिक इतिहास लिहिणाऱ्याने भिंत पुरावा म्हणून वाचावी असे मी म्हणतो, ते अशा घटनांमुळे.

भिंतीवर कोण नव्हते, हाही प्रश्न विचारायला हवा. पणजोबांचा एकट्याचा फोटो अनेक घरांत असतो, पणजीचा क्वचित. ती असते ती जोडीच्या फोटोत, बहुतेक वेळा उभी. फोटोला हार चढणे म्हणजे माणूस गेल्याची खूण. त्यामुळे जिवंत असताना तिचा फोटो काढला नसेल तर नंतर भिंतीवर लावायला काहीच उरत नाही. मग एखाद्या लग्नाच्या गटातून तिचा चेहरा कापून, मोठा करून, रंग भरून घेतला जातो. अशी धूसर, रंगवलेली बाई अनेक घरांच्या भिंतीवर आहे. चित्र म्हणून ते सामान्य असेल, पण ते मिळवण्यासाठी घरच्यांनी किती खटपट केली असेल ते पाहा.

भिंत आखताना

आता जे. पी. नगरच्या तीन मीटरच्या भिंतीकडे परत येऊ. संग्रहालयात चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे 57 इंचांवर, म्हणजे 145 सेंटिमीटरवर ठेवण्याची पद्धत रूढ आहे. ही उभ्या माणसाची उंची आहे. घरात आपण चित्रे बहुधा बसून पाहतो, म्हणून ती चार-पाच इंच खाली आणलेली बरी. अनेक चौकटी असतील तर त्या सगळ्यांचा मिळून एक मोठा आयत मानून त्याचा मध्य धरतात. चौकटींमध्ये 5 ते 8 सेंटिमीटर अंतर ठेवावे. सोफ्याच्या पाठीपासून एक वीत जागा सोडली नाही तर डोकी काचेला लागतात आणि तेलाचे डाग पडतात.

प्रत्येक चौकटीच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापून, खिळ्याची जागा त्यावर खुणावून, ते कागद चिकटपट्टीने भिंतीवर लावून दोन दिवस तसेच ठेवा. येता-जाता बदला. सगळ्यात मोठी चौकट आधी ठरवा, ती बरोबर मधोमध नसली तरी चालते. वजनाचा अंदाज घ्या : 2 मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला साधारण 5 किलो भरते, त्यात लाकूड वेगळे. तंजावरची फळी यापेक्षा पुष्कळ जड असते. तिला दोन प्लग, दोन स्क्रू हवेतच, एका खिळ्यावर भरवसा नको. ड्रिल करण्याआधी विजेच्या बोर्डाच्या सरळ वर-खालची जागा टाळा, वायर बहुधा तिथूनच जाते. चौकटीच्या मागे खालच्या कोपऱ्यांना रबराचे तुकडे लावले की हवा खेळते. पावसाळ्यात ओल आणि कसर यांपासून कागद वाचवायला याहून स्वस्त उपाय नाही. पश्चिमेच्या उन्हात जुने छापील चित्र लावू नये, त्याचे रंग उडतात आणि ते परत येत नाहीत.

फ्रेमच्या दुकानात लक्ष्मी नवीन चौकटीत बसवायला देताना मात्र एका गोष्टीसाठी अडून बसा. दुकानदार पिवळी पडलेली कड कापून टाकायला निघेल, कारण त्यामुळे चित्र स्वच्छ दिसते. ओलिओग्राफच्या त्याच खालच्या कडेवर छापखान्याचे नाव, गाव आणि कधी चित्राचा क्रमांक असतो. कड गेली की चित्र राहते, त्याचा पत्ता जातो. हजारो तसबिरी अशा मुक्या झाल्या आहेत. जुन्या चौकटीची मागची पाठही फेकू नका. तिच्यावर पहिल्या फ्रेमवाल्याची चिठ्ठी असू शकते किंवा पेन्सिलीने लिहिलेली एखादी तारीख. सगळे उतरवण्याआधी जुन्या भिंतीचा, तिच्या मूळ क्रमासह, मोबाइलवर फोटो काढा. चित्रे जपली जातात, मांडणी कुणीच जपत नाही.

आणि आजीच्या हरकतीचे काय? मी त्या मुलीच्या जागी असतो तर सोफ्यामागच्या भिंतीवर पणजोबा-पणजी, चित्रसंतेतली दोन चित्रे आणि नंतर येतील त्या चौकटींसाठी थोडी मोकळी जागा एवढेच ठेवले असते. काही घरांत पूर्वजांचे फोटो दक्षिण भिंतीवर लावतात, तेव्हा आधी आजीलाच विचारले असते. बाळकृष्ण देवघराच्या कोपऱ्यात, पिवळ्या मंद दिव्याखाली. आणि लक्ष्मी समोरच्या भिंतीवर, दाराच्या चौकटीपेक्षा उंच, दोरीने किंचित पुढे झुकवून. म्हणजे सोफ्यावर बसणारा प्रत्येक जण तिच्याकडे तोंड करून बसेल आणि खिडकीचा उजेड काचेवर चमकणार नाही. ड्रिलने पाडलेले भोक सिमेंटच्या भिंतीत आहे, पण उंची साताऱ्याच्या सोप्यातली आहे.

स्वाध्याय

आपल्या किंवा ओळखीच्या एखाद्या घरातली तसबिरींची एक भिंत निवडा. परवानगी घेऊन प्रत्येक चौकटीची जमिनीपासूनची उंची, ती झुकलेली आहे की सरळ, तिच्यासमोर माणसे कुठे आणि कशावर बसतात याची नोंद करा आणि भिंतीचा आराखडा काढा. मग घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला विचारा की यांतली कोणती तसबीर पूर्वी दुसरीकडे होती, कोणती उतरवली गेली आणि कुणाचा फोटो कधीच काढला गेला नाही. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.